पॉवर बँकेच्या पाठीवरचा बारीक आकडा

पॉवर बँक घेताना आपण ती पुढून बघतो. पुढे ठसठशीत लिहिलेलं असतं: १०,०००, २०,०००, आणि फुटपाथवरच्या एखाद्या स्टॉलवर तर थेट ५०,०००. दुकानदारही त्याच भाषेत विचारतो, "दहा हजारवाली देऊ की वीस हजारवाली?" कामाची माहिती मात्र मागच्या बाजूला असते, आणि तीही इतकी बारीक की मोबाइलचा कॅमेरा लावून मोठी करून वाचावी लागते.

चांगल्या कंपनीची कुठलीही साधी पॉवर बँक उलटी करून बघा. पहिल्या ओळीत साधारण असं दिसेल: १०,००० एमएएच, ३.७ व्होल्ट, ३७ वॉट-अवर. तिच्याखाली 'रेटेड कपॅसिटी' म्हणून ५,८०० एमएएच किंवा त्याच्या आसपासचा आकडा, शेजारी ५ व्होल्ट. मग इनपुट-आउटपुटच्या ओळी, बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, खूण आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. या गर्दीत प्रवाशाच्या खऱ्या उपयोगाचा आकडा एकच, ३७ वॉट-अवर. फोन किती वेळा चार्ज होईल, विमानात नेता येईल का, विकणारा फसवतोय का, पाठीवर किती ओझं होईल, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिथूनच निघतात.

एमएएच म्हणजे मिलीअँपिअर-अवर. बॅटरीतून किती करंट किती तास मिळेल, एवढंच तो सांगतो. तो करंट किती व्होल्टला मिळणार, हे त्यात येत नाही. बाजारातून कोथिंबिरीच्या चार जुड्या आणल्या म्हणायचं आणि जुडी केवढी ते सांगायचं नाही, तसला हा हिशेब. वॉट-अवरमध्ये व्होल्टही धरलेले असतात, म्हणून ती खरी ऊर्जा. गणित सोपं आहे: एमएएचला हजाराने भागा आणि व्होल्टने गुणा. दहा गुणिले ३.७ म्हणजे ३७. वीस हजारवालीचे ७४.

मग खाली ५,८०० का लिहिलेलं असतं? कारण आतल्या सेलचा व्होल्टेज ३.७ च्या आसपास असतो आणि यूएसबीतून बाहेर ५ व्होल्ट द्यावे लागतात. व्होल्टेज वाढवला की एमएएच त्या प्रमाणात घटतो, शिवाय या बदलात थोडी वीज उष्णता होऊन जाते. ५,८०० एमएएच ५ व्होल्टला म्हणजे २९ वॉट-अवर. ३७ पैकी २९ हातात. हल्लीच्या फोनची ५,००० एमएएचची बॅटरी साधारण १९ वॉट-अवरची असते आणि फोनही चार्ज होताना गरम होतो, म्हणजे तिथेही थोडी गळती होते. सगळं धरून दहा हजारची पॉवर बँक असा फोन सव्वा ते दीड वेळा भरते. "दहा हजार भागिले पाच हजार, म्हणजे दोनदा" हा घरोघरीचा हिशेब म्हणूनच कधी जुळत नाही, आणि मग चांगल्या पॉवर बँकेलाही लोक 'डुप्लिकेट' म्हणतात. वायरलेस चार्जिंगवाली असेल, तर गळती आणखी वाढते.

याच मापाने बाकीच्या वस्तूही मोजून टाका. इअरबड्सच्या डबीत दीड-दोन वॉट-अवर, कॅमेऱ्याच्या एका बॅटरीत सात ते सोळा, लॅपटॉपमध्ये पन्नास-साठ. दोन दिवसांच्या सहलीला दोघांत मिळून ३७ वॉट-अवरवाली एक पुरते. लॅपटॉप न्यायचा असेल तर ७४ वाली, आणि तीसुद्धा तो जेमतेम एकदा भरेल.

वजनकाटा खोटं बोलत नाही

आता त्या ५०,००० वालीकडे वळू. पन्नास गुणिले ३.७ म्हणजे १८५ वॉट-अवर. लॅपटॉपमध्ये, टॉर्चमध्ये वापरतात तो दंडगोल सेल, ज्याला १८६५० म्हणतात, त्यात चांगल्यात चांगल्या कंपनीचाही सुमारे ३,५०० एमएएचच भरतो आणि एका सेलचं वजन पन्नास ग्रॅमच्या जरा आत असतं. म्हणजे ५०,००० साठी असे पंधरा सेल लागतील आणि नुसत्या सेलचं वजन सातशे ग्रॅमच्या वर जाईल. स्टॉलवरची हातात घेऊन बघा. तीनशे ग्रॅमची असेल तर नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. खरी दहा हजारवाली साधारण दोनशे ग्रॅमच्या घरात असते, वीस हजारवाली साडेतीनशे ते चारशे. किराणा दुकानाच्या काट्यावरही ही परीक्षा होते.

गंमत अशी, की ती ५०,००० वाली समजा खरी निघाली, तरी ती घेऊन विमानात बसता येत नाही.

आणि सोलर पॅनेलवाल्या पॉवर बँकेचं काय? ट्रेकला जाणाऱ्यांना ती हमखास कोणीतरी सुचवतं. तिच्या पाठीवरचा पॅनेल तळहाताएवढा, चौदा बाय सात सेंटिमीटर धरा. भर दुपारच्या कडक उन्हात एका चौरस मीटरवर साधारण हजार वॉट पडतात, त्यातले वीस टक्के पॅनेलने पकडले तर या तुकड्यातून दोन वॉट निघतील. ३७ वॉट-अवर भरायला असं डोक्यावरचं ऊन अठरा-वीस तास हवं. असं ऊन दिवसाला चार-पाच तासच मिळतं. शिवाय पॅनेलला ऊन दाखवायचं म्हणजे त्याच्या पोटातल्या बॅटरीलाही तापवत ठेवायचं, आणि लिथियम बॅटरीला उष्णतेइतकं वावडं दुसरं कशाचं नाही. माझ्या मते हा पॅनेल म्हणजे शोभा. त्याचे पैसे वाचवून जास्त वॉट-अवरची साधी पॉवर बँक घ्यावी.

विमानात हातातच का?

नियम आधी सांगतो, कारण मागून. १०० वॉट-अवरपर्यंतची पॉवर बँक केबिन बॅगेत चालते. १०० ते १६० मधली न्यायची तर विमान कंपनीची परवानगी लागते, आणि तीही जास्तीत जास्त दोन. १६० च्या वर प्रवाशाला नेताच येत नाही. चेक-इन बॅगेत मात्र पॉवर बँक किंवा सुट्या बॅटऱ्या कितीही छोट्या असल्या तरी चालत नाहीत. बाजारात २७,००० एमएएचवाल्या का दिसतात, हे आता लक्षात येईल. सत्तावीस गुणिले ३.७ म्हणजे ९९.९. कंपन्यांनी मर्यादेच्या जेमतेम आत बसवलेलं ते माप आहे.

आता कारण. लिथियम बॅटरीत दोन टोकांच्या मध्ये प्लॅस्टिकचा एक पडदा असतो, केसाहूनही पातळ. भोवती द्रव असतो तो ज्वलनशील. बॅटरी आपटली, चेंबली, अति तापली किंवा मुळातच बनावटीत खोट राहिली, की पडदा फाटतो आणि आत शॉर्ट होतो. त्या उष्णतेने शेजारचा भाग बिघडतो, तो आणखी उष्णता सोडतो. एकदा हे चक्र सुरू झालं की बाहेरची हवा तोडूनही थांबत नाही, कारण जळायला लागणारं सगळं आतच असतं. विमानाच्या सामानकक्षात आग विझवायला हॅलॉन नावाचा वायू असतो. तो ज्वाळा दाबतो, पण बॅटरीच्या आतलं तापणं थांबवू शकत नाही. केबिनमध्ये धूर दिसला तर कर्मचारी त्यावर लगेच पाणी ओतून ती थंड करू शकतात. खालच्या सामानात ती कोणाच्या नजरेलाच पडत नाही. हातातली पॉवर बँक धोकादायक नसते म्हणून वर नेऊ देतात, असं नव्हे. ती पेटलीच तर माणसांसमोर पेटावी म्हणून वर ठेवायला लावतात.

२८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात बुसानच्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाच्या तयारीत असताना पेटलं. आग वरच्या सामानाच्या कप्प्यातून सुरू झाली. सगळे लोक घसरगुंडीवरून बाहेर पडले, पण विमानाचं छत जळून गेलं. तिथल्या तपासात पॉवर बँकेवर संशय गेला. त्यानंतर नियम भराभर कडक झाले. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिल २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायला आणि चार्ज करायला मनाई केली. चीनने २८ जून २०२५ पासून देशांतर्गत विमानांत '३सी' ही त्यांची खूण नसलेल्या पॉवर बँका बंद केल्या. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून माणशी एकच, १०० वॉट-अवरच्या आतली, आणि तीही वापरायची नाही, असं ठरवलं. दुबईमार्गे युरोप-अमेरिकेला मुलांकडे जाणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावं. त्याच महिन्यात दिल्लीहून दिमापूरला निघालेल्या विमानात, धावपट्टीकडे जात असतानाच, सीटमागच्या खिशातली पॉवर बँक पेटली. कर्मचाऱ्यांनी ती लगेच विझवली. आता भारतातही डीजीसीए या विमान वाहतुकीच्या नियामक संस्थेने विमानात पॉवर बँकेवर फोन लावू नका आणि ती वरच्या कप्प्यात ठेवू नका, असं बजावलं आहे.

दोन बारकावे मात्र सहज निसटतात. एक म्हणजे छापील आकडा. सतत वापरून मागची अक्षरं घासून गेली असतील, तर सुरक्षा तपासणीत वॉट-अवर सिद्ध करता येत नाहीत आणि पॉवर बँक तिथेच ठेवावी लागू शकते. दुसरा छोट्या विमानांचा. एटीआरसारख्या विमानात वरचे कप्पे लहान असतात, त्यामुळे शिडीपाशी केबिन बॅग मागून घेऊन खाली सामानात टाकतात. बॅग हातातून सोडण्याआधी पॉवर बँक काढून घ्यायची. बॅगेच्या तळाशी, लाडवांच्या डब्याखाली ती ठेवली असेल तर रांग खोळंबते आणि मागचे लोक डोळे वटारतात.

वॉट वेगळे, वॉट-अवर वेगळे

वॉट-अवर म्हणजे किती साठा, वॉट म्हणजे किती वेगाने देणार. लॅपटॉपला ४५ किंवा ६५ वॉट लागतात. २० वॉट देणाऱ्या पॉवर बँकेत साठा कितीही असो, लॅपटॉप 'स्लो चार्जर' म्हणून कुरकुरतो किंवा दखलच घेत नाही.

यूएसबी-सी आल्यापासून एक मोठी सोय झाली. फोन, लॅपटॉप, इअरबड्स, कॅमेरा, सगळ्यांना एकच पिन. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या फोनना ती सक्तीची केली, आणि आयफोनने २०२३ मध्येच ती घेतली होती. त्यामुळे प्रवासात आता एकच दोन-तीन पोर्टचा ६५ वॉटचा चार्जर पुरतो. आत सिलिकॉनऐवजी गॅलियम नायट्राइड वापरलेला घेतला तर तो साबणाच्या वडीएवढाच असतो. फक्त ६५ हा आकडा सगळ्या पोर्टांचा मिळून असतो. फोन आणि लॅपटॉप एकदम लावले की वाटणी होते.

पिन एक झाली, केबल मात्र एक झाली नाही. दिसायला सारख्या दोन केबलींतली एक ६० वॉटपर्यंत नेते, दुसरी १०० किंवा त्याहून जास्त, कारण दुसरीच्या टोकात ओळख पटवणारी चिप असते. काही स्वस्त केबली फक्त चार्जिंगच्या, त्यांतून फोटो जात नाहीत. आणि फोनच्या खोक्यावर '८० वॉट', '१०० वॉट' लिहिलेलं असतं ते बहुतेकदा त्याच कंपनीच्या चार्जर आणि केबलपुरतं खरं असतं. दुसऱ्या चार्जरवर तोच फोन निमूटपणे खूप कमी वॉटवर उतरतो. बिघाड नाही, तो तसाच बनवलेला आहे. घरी परतल्यावर केबली एकमेकांत मिसळू नयेत म्हणून माझ्या जाड केबलीला मी लाल दोरा बांधून ठेवलाय. बावळट दिसतो, पण शोधाशोध वाचते.

पिन बसली म्हणजे काम झालं असं नाही

युरोप टूरला निघालेल्या आमच्या शेजारच्या काकूंनी विचारलं, "अरे, तो मल्टिप्लग घेतलाय, आता इथली केटल तिथे चालेल ना?" युरोपात चालेल, अमेरिकेत नाही. अ‍ॅडॉप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. आपल्याकडे २३० व्होल्ट, युरोपातही तेवढेच. अमेरिकेत १२०, जपानमध्ये १००. फोन-लॅपटॉपच्या चार्जरवर '१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' लिहिलेलं असतं, त्याला जगात कुठेही चिंता नाही. केटल, इस्त्री, हेअर ड्रायर यांचं तसं नसतं. व्होल्टेज निम्मा झाला की तापवणाऱ्या तारेची ताकद निम्मी नाही, पाव होते. हजार वॉटची आपली केटल अमेरिकेत जेमतेम २७० वॉटची उरते, आणि तीन मिनिटांत उकळणारं दोन-तीन कप पाणी दहा-बारा मिनिटं घेतं. उलट्या बाजूने जास्त वाईट. अमेरिकेहून आलेल्या भाचीने तिचा १२० व्होल्टवाला ड्रायर पुण्यात लावला, तर साडेतीनपटीहून जास्त ताकदीने वीज ओढली जाते आणि तो काही क्षणांत जळतो.

पिनांचं थोडक्यात. आपल्या फोनचा दोन गोल पिनांचा चार्जर युरोपात बहुतेक ठिकाणी थेट बसतो. स्वित्झर्लंडमध्ये सॉकेट भिंतीतल्या षटकोनी खोबणीत असतं, तिथे जाड अंगाचा चार्जर अडतो. ब्रिटन, दुबई आणि सिंगापूरला तीन चपट्या पिना, तिथे अ‍ॅडॉप्टर हवाच. त्या सॉकेटच्या खालच्या भोकांवर झडपा असतात आणि वरच्या भोकात पिन गेल्यावर त्या उघडतात. तिथे पेन खुपसून आपला प्लग बसवायची युक्ती बरेच जण दाखवतात. ती झडप लहान मुलांना शॉक बसू नये म्हणून केलेली आहे, पेनाने उघडायची वस्तू नाही.

रेल्वेचं वेगळंच. बऱ्याच डब्यांत सॉकेटशेजारी ११० व्होल्ट लिहिलेलं असतं. फोनला चालतं. केटलला मात्र डब्यात मनाई आहे, मग व्होल्ट कितीही असोत. नोव्हेंबर २०२५ मध्ये गाडीत केटलवर मॅगी शिजवल्याचा व्हिडिओ फिरला, तेव्हा मध्य रेल्वेने कारवाईचं जाहीर केलं होतं. रात्री ११ ते पहाटे ५ सॉकेट बंद ठेवायचं धोरणही आगीच्याच भीतीने आलं. तेव्हा फोन झोपण्याआधी भरून घ्यावा, उशाशी चार्जिंगला लावून झोपू नये.

थंडी, डोंगर आणि पाऊस

लडाख, स्पिती किंवा एव्हरेस्ट बेस कॅम्पला फोन चाळीस टक्क्यांवरून एकदम बंद पडतो. बॅटरीत वीज असते, पण थंडीत आतली रासायनिक क्रिया मंदावते, व्होल्टेज घसरतो आणि फोनला वाटतं की संपली. अंगाशी धरून ऊब दिली की ती बरीचशी परत येते. म्हणून रात्री फोन आणि पॉवर बँक दोन्ही स्लीपिंग बॅगमध्ये घ्यायची. जपायचं आहे ते वेगळ्याच गोष्टीला: शून्याखाली तापमान असताना चार्ज करणं. तेव्हा लिथियम आत नीट शिरत नाही, धातू होऊन वरच जमतं, आणि ते नुकसान ऊब देऊन भरून येत नाही. आधी ऊब, मग चार्जर.

सह्याद्रीत थंडीपेक्षा नेटवर्क बॅटरी खातं. हरिश्चंद्रगडाच्या गुहेत किंवा एखाद्या घळीत टॉवर लांब असला की फोन पूर्ण जोर लावून तो शोधत राहतो आणि खिशात नुसता पडून रिकामा होतो. एअरप्लेन मोड टाका. त्यात जीपीएस चालू राहू शकतं, कारण जीपीएसमध्ये फोन उपग्रहांचं फक्त ऐकतो, स्वतः काही पाठवत नाही. नकाशा घरूनच डाऊनलोड करून घेतला की वाट दिसत राहते आणि पॉवर बँकेची गरज निम्म्यावर येते.

कोकणात, पावसाळ्यात यूएसबी पोर्टमध्ये ओल गेली की फोन चार्जिंग नाकारतो. तो इशारा खरा माना. फोन पिनेची बाजू खाली करून हलकेच आपटा आणि वाऱ्यात ठेवा. तांदळाच्या डब्यात ठेवू नका. तांदळाचे कण पोर्टमध्ये जातात, आणि ॲपलने तर २०२४ मध्ये तसं करू नका असं लेखी सांगितलं. फोन पाण्यात किती टिकतो हे सांगणारी 'आयपी ६७' ही खूण म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात तीस मिनिटं, तेही नव्या फोनला. तारकर्लीच्या खाऱ्या पाण्याबद्दल ती खूण काहीच सांगत नाही.

राहता राहिली फुगलेली पॉवर बँक. प्रवासात अशी दिसते: कडा उचललेल्या, टेबलावर ठेवली की डुगडुगते, कधी गोडसर उग्र वास. आत वायू तयार झालेला असतो. तिला चार्ज करायचं नाही, वापरायचं नाही, दाबून सपाट करायचं नाही, टोचून हवा काढायची तर मुळीच नाही. घेऊन विमानात बसायचं नाही. ज्याला आग लागणार नाही अशा जागी, फरशीवर किंवा मातीच्या कुंडीत बाजूला ठेवायची आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्यायची. ओल्या-सुक्याच्या डब्यात टाकली, तर घंटागाडीत कचरा दाबणारी यंत्रणा तिला चेंबते आणि गाडी रस्त्यातच पेटू शकते.